तीन गिअर सासरचे, चार माहेरचे

माझ्या आत्याच्या यजमानांइतका गिअरबॉक्सवर जीव असलेला माणूस तंजावर जिल्ह्यात दुसरा झाला नाही, आणि होण्याचे काही कारणही नव्हते. गिअरबॉक्सची परीक्षा चढावर होते आणि तंजावर जिल्ह्यात चढ नाही. नजर पोचेल तिथपर्यंत भाताची खाचरे, मध्ये कालवे, कडेला नारळी. कावेरीचे पाणीसुद्धा समुद्राकडे कुठून जायचे हे कालव्याकालव्याला विचारत जाते. शहराजवळ चढ म्हणता येतील अशा गोष्टी दोन: रेल्वेवरचा पूल आणि कालव्याचा बांध. अशा मुलखात आतोबांनी घरामागच्या गोठ्यात, डोंगर चढण्यासाठी बनवलेल्या दोन जुन्या जीपा ठेवल्या होत्या. गोठ्यात पूर्वी गाई होत्या. गाई गेल्या, जीपा आल्या, आणि आत्याच्या म्हणण्याप्रमाणे दूध बंद झाले एवढाच फरक पडला. वास येतच राहिला आणि खाणे वाढले.

आतोबा सरकारी कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झाले होते. हिमालय, सह्याद्री, निलगिरी हे सगळे त्यांनी फळ्यावर खडूने उभे केले आणि तास संपल्यावर पुसून टाकले. प्रत्यक्ष डोंगर त्यांनी आगगाडीच्या खिडकीतून पाहिला होता आणि तो त्यांना फळ्यावरच्यापेक्षा अव्यवस्थित वाटला होता. ‘इथें चढ नाहीं, मग ही जीप कशाला?’ असे कोणी विचारलेच, तर ते म्हणत, ‘घराला आग लागली नाहीं म्हणून विहीर बुजवतोस कीं काय?’ चढ नसल्यामुळे परीक्षा चिखलावर भागवली जाई. एकदा ओरत्तनाडूला लग्नाला जाताना त्यांनी चांगला रस्ता सोडून जीप नांगरलेल्या खाचरात घातली. नवऱ्या मुलाच्या आईला मांडवात पोचवण्याचे काम आमच्याकडे होते आणि ती माझ्या शेजारी मागे बसली होती. मांडवात उतरलो तेव्हा तिच्या रेशमी साडीचा मूळ रंग कोणता, यावर वऱ्हाडात दोन मते होती. ती तोंड उघडणार तोच आतोबा म्हणाले, ‘मावशी, शिव्या मागाहून द्या. एवढ्या चिखलांत जीप एकदां तरी कण्हली काय, तें आधीं सांगा.’

आमचे घराणे मराठ्यांच्या राज्यात तिकडे गेले आणि तिथलेच झाले. माझे वडील नोकरीसाठी पुण्याला आले, म्हणून मला देवनागरी वाचता येते. आत्याच्या घरी बोलतात ती मराठी आमच्या पणजोबांच्या वेळची, वर तमिळची फोडणी दिलेली. नव्वदच्या दशकात मी दर नवरात्रात तिकडे जात असे आणि गेल्या गेल्या मला गोठ्यात नेऊन दोन्ही जीपांची प्रकृती सांगितली जाई.

एक जीप तीन गिअरची. ती आतोबांनी तरुणपणी लष्कराच्या लिलावात घेतलेली. दुसरी चार गिअरची. ती माझ्या आजोबांची, म्हणजे आत्याच्या वडिलांची. कालव्यांच्या खात्यात नोकरी करताना त्यांनी ती घेतली आणि जाताना लेकीच्या नावावर करून गेले. त्यामुळे घरात एकीला सासरची म्हणत आणि दुसरीला माहेरची. कोणाचा गिअरबॉक्स जास्त टिकतो, हा वाद त्या घरात देवाच्या समईसारखा अखंड तेवत होता. आतोबांचे म्हणणे असे: ‘पेटी तेवढीच. शेताचे तिघां भावांत वांटे केले तर पट्टे रुंद पडतात. चौघांत केले तर चौथा रडतो. तीन गिअर, म्हणून दांते जाड. जाड दांता झिजत नाहीं.’ आत्या स्वयंपाकघरातून उत्तर देई, ‘तिघांवर काम किती पडतें तें कोण सांगणार? चौघे असले कीं एकाला निजायला मिळतें. निजलेला माणूस टिकतो. तुम्हांकडे पाहून सांगतें.’

दुसरा मुद्दा नीतीचा होता. माहेरच्या जीपमध्ये वरचे गिअर आपोआप जुळावेत म्हणून पितळी कडी बसवलेली होती. सासरच्या जीपच्या पहिल्या गिअरला तसले काही नव्हते. तो टाकायचा तर गाडी उभी करा, नाही तर क्लच दोनदा दाबून, मध्ये नेमका तेवढाच अॅक्सिलरेटर देऊन दांत्यांची समजूत घाला. आतोबांच्या मते ती पितळी कडी म्हणजे लाच होती. ‘दांत्याला लाच देऊन जुळवायचें. आणि एवढे चार गिअर घेऊन तुझ्या बापानें केलें काय? चौथा कधीं टाकलाच नाहीं. तिसऱ्यावर जन्म काढला.’ आत्या म्हणे, ‘तुमच्या घरच्यांचें तसें नाहीं. तीन गिअर, तीन कामें. जेवणें, निजणें, रुसणें.’

या नीतीतून एक नियम निघाला होता. गिअर बदलत असताना गाडीत कोणी बोलायचे नाही. आतोबांचा उजवा हात स्टिअरिंगवर असे. डावा दांड्याकडे जाण्याआधी ट्रॅफिक पोलिसासारखा वर होई आणि बोलणारा जिथे असेल तिथे थांबे. एकदा आम्ही बाजाराकडे निघालो होतो. आत्या म्हणाली, ‘कुंभकोणमचे काका...’ हात वर झाला. क्लच, दांडा, अॅक्सिलरेटर, क्लच, दांडा. ‘हां, बोल.’ आत्या म्हणाली, ‘वारले.’ मी विचारले, ‘कशाने?’ तेवढ्यात पुढे बैलगाडी आली, हात पुन्हा वर झाला, आणि काका कशाने गेले हे आम्हाला बाजार ओलांडल्यावर कळले. ‘माझीं अर्धीं बोलणीं दोन गिअरांच्या मध्यें पडून राहिलीं आहेत,’ आत्या मला म्हणाली होती. ‘कधीं पेटी उघडलीच तर तीं निघतील.’

पेटी उघडायची मात्र नाही, हा दुसरा नियम. उघडली, नवा भाग घातला, तर तुलना कसली? तेल बदलायचे, बाकी दोन्ही गिअरबॉक्सना आपल्या मरणाने मरू द्यायचे. जो आधी मरेल तो हरला.

त्या काळात देशात नव्या गाड्या येऊ लागल्या आणि गावोगावच्या जुन्या जीपा विकायला निघाल्या. घेणारा शहाणा असेल तर पैसे देण्याआधी जीप आतोबांना दाखवायला आणी. एकदा घेणारा आणि विकणारा दोघेही पुदुक्कोट्टैहून आले. विकणारा तमिळमध्ये जीपचे गुणगान करत होता आणि जीप खरेच शांत चालत होती. आतोबा पंचा नेसून खाली आडवे झाले, गिअरबॉक्सचे बूच काढले, करंगळी आत घातली आणि नाकाशी नेली.

‘केळें आहे,’ ते म्हणाले.

‘शपथ घेतो सर, नव्वद नंबरचे तेल आहे,’ विकणारा म्हणाला.

‘तेल आहेच. तेलांत केळें आहे.’ त्यांनी पुन्हा एकदा वास घेतला. ‘पूवन.’

झिजलेले दांते रडायला लागले की आत सालासकट केळे सोडायचे. लगदा दांत्यांमध्ये बसतो, आवाज बंद होतो, आणि गिऱ्हाईक दूर जाईपर्यंत बंद राहतो. विकणारा खाली पाहू लागला. आतोबा उठत म्हणाले, ‘आणि घालायचेंच होतें तर पूवन कशाला घातलेंत? इवलेंसें, मऊ केळें. चार दिवस टिकत नाहीं.’ ते लोक गेल्यावर त्यांनी साबणाने तीनदा करंगळी धुतली आणि मला म्हणाले, ‘माणसानें स्वतः खोटें बोलावें, चालेल. गिअरबॉक्सकडून बोलवूं नये. त्याला तोंड नाहीं, त्याचा फायदा घ्यायचा?’

आपल्या घरच्या वादात मात्र त्यांनी न्यायाधीश म्हणून चक्क पक्षकारालाच नेमले होते. आत्या वीणा शिकवायची. तंजावरात वीणा शिकवणाऱ्या पुष्कळ, पण शेजारच्या गल्लीतून जाणाऱ्या सायकलची घंटा कोणत्या स्वरात वाजली हे सांगणारी ती एकटी. आयुधपूजेला घरातली वीणा, पुस्तके, नट आवळायचे पाने, जॅक आणि दोन्ही जीपा यांना गंध-कुंकू लागे, चाकांखाली लिंबे ठेवली जात, आणि त्या दिवशी सगळ्यांना सुट्टी असे. वीणेला हात लावायचा नाही तसा जीपलाही नाही. दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला सकाळी, लिंबे चिरडून जीपा बाहेर निघत. आत्या मांडीवर श्रुतिपेटी घेऊन पुढे बसे. कालव्याच्या सरळ रस्त्यावर आतोबा दुसऱ्या गिअरमध्ये एकाच वेगाने जीप चालवत आणि आत्या डोळे मिटून, श्रुतिपेटीचा भाता हलवत, गिअरबॉक्सचा सूर ऐके. आधी माहेरची, मग सासरची. सुरात खरखर आली की दांता गेला, असे ठरलेले होते. तिचा निकाल वर्षानुवर्षे एकच असे: ‘दोन्हीं बरोबर.’ आतोबा तो निमूट मान्य करत. ती माहेरचा पक्ष घेईल अशी शंकाही त्यांनी कधी बोलून दाखवली नाही. ‘बाईमाणूस नवऱ्याशीं खोटें बोलेल,’ ते म्हणत, ‘सुराशीं बोलणार नाहीं.’

मग आत्तेभावाने नवी गाडी नोंदवली. तो मद्रासला कंप्युटरच्या कंपनीत होता, आणि आई-वडिलांना या वयात हाडे खिळखिळी न करता दवाखान्यात जाता यावे, अशी त्याची इच्छा होती. गाडी छोटी, पांढरी, पाच गिअरची.

‘पांचवा कशाला?’ आतोबांनी विचारले.

‘अप्पा, पांचव्यानें पेट्रोल वांचतें.’

‘गोठ्यांतून काढलीच नाहींस तर आणखी वांचेल.’

पण प्रश्न गोठ्याचाच होता. त्यात दोनच गाड्या मावत. एक जीप जायला हवी होती, आणि तिरुच्चीचा एकजण कोणतीही एक घ्यायला तयार होता. आतोबा दोन दिवस जेवले तेवढे, बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यांनी जाहीर केले की येत्या दसऱ्याला निकाल लागेल. जिच्या सुरात खरखर, ती जाईल. आत्तेभाऊ आईला म्हणाला, ‘आतां दोन्हीं बरोबर म्हणायचें नाहीं हं.’ आत्या म्हणाली, ‘सेरि, सेरि, बरें. तुझ्या अप्पांची जीप मी रडूं न देतां पाठवीन.’ हे ती हसत बोलली, पण माहेरची जीप तिच्या वडिलांची होती, आणि वडिलांची म्हणून त्या घरात दुसरी वस्तू नव्हती. आतोबांचेही हसण्यावारी नव्हते. जन्मभर जी गोष्ट सांगत आलो ती खरी की खोटी, याचा निकाल सगळ्यांना मिळत नाही. त्यांना मिळणार होता.

त्या नवरात्रात मी पोचलो तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आत्याने तीन कुकर बदलले होते. हल्लीचे कुकर शिट्टीच मारत नाहीत, अशी तिची तक्रार होती. परदेशी भांडवल आल्यापासून माल असाच येतो. ती हे सांगत असताना आत कुकरने पाच शिट्ट्या मारल्या आणि भात लागला. दुपारी शिकायला आलेल्या मुलीने वीणेवर एक ओळ इतकी चुकीची वाजवली की मलाही कळले. आत्या म्हणाली, ‘शाबास.’ मी आत्तेभावाकडे पाहिले. तो म्हणाला, ‘सहा महिने झाले. डॉक्टरकडे चल म्हटलें तर म्हणते, सगळे लोक हळू बोलायला लागले आहेत.’ वीणा शिकवणाऱ्या बाईला हे कोण सांगणार? आतोबांना ठाऊक होते की नाही, ते कळायला मार्ग नव्हता. ते पूर्वीपेक्षा थोडे मोठ्याने बोलत, पण वर्गात शिकवणारी माणसे तशीही मोठ्याने बोलतात.

दसऱ्याला सकाळी आम्ही चौघे माहेरच्या जीपमध्ये बसलो. आतोबा आणि आत्या पुढे, आम्ही दोघे मागे. कालव्याच्या रस्त्याला लागलो, दुसरा गिअर पडला, आणि जीप रडू लागली. खरखर नव्हे, नादस्वर शिकणाऱ्या माणसाने पहिल्या दिवशी काढावा तसला सूर, आणि त्याखाली खडे दळल्याचा आवाज. चहाच्या टपरीवरची माणसे उठून उभी राहिली. एक शेळी कालव्यात उतरली. आतोबांचे हात स्टिअरिंगवर घट्ट झाले. आरशात मला त्यांचे तोंड दिसत होते आणि त्यावर, लपवता न आलेला, शुद्ध आनंद होता. चौथा भाऊ अखेर रडला होता. तीन गिअर जिंकले होते. त्यांनी जीप थांबवली आणि आत्याकडे वळून विचारले, ‘कशी आहे?’

आत्याने डोळे उघडले. श्रुतिपेटीचा भाता बंद केला. ‘माझ्या बापाच्या जीपला काय धाड भरली आहे?’ ती म्हणाली. ‘पहिल्यासारखीच.’

आतोबा तिच्याकडे बघत राहिले. आनंद त्यांच्या तोंडावरून एकदम गेला नाही. पाहुणा निरोप घेतो तसा थांबत थांबत गेला. मग ते म्हणाले, ‘हां. पहिल्यासारखीच,’ आणि आम्ही जीप बदलायला घरी आलो.

सासरची जीप निघाली. दुसरा गिअर. लोण्यातून सुरी जावी तसा. आत्या पुन्हा डोळे मिटून बसली, भाता हलवत राहिली, आणि म्हणाली, ‘हीहि बरोबर. खोटें कशाला बोलूं? दोन्हीं बरोबर.’

मागून आत्तेभाऊ म्हणाला, ‘आई, अग तुला...’

आतोबांचा हात वर झाला. आत्तेभाऊ गप्प बसला. तो हात तसाच दांड्यावर आला, आणि धावत्या गाडीत, क्लच एकदाही नीट न दाबता, आतोबांनी दांडा दुसऱ्या गिअरमधून ओढून पहिल्यात ढकलला. असा आवाज मी पूर्वी ऐकला नव्हता. जीप उडाली, श्रुतिपेटी आत्याच्या मांडीवरून खाली पडली, पायाखालचा पत्रा थरथरला. आणि दांडा अजून मध्येच, ना या गिअरमध्ये ना त्या, असताना आतोबा मोठ्याने बोलले. त्या गाडीत तसे कोणी कधी बोलले नव्हते.

‘कळलें काय? माझीच गेली.’

एवढा धक्का कोणालाही कळला असता. आत्याने सीटची दांडी सोडली आणि टाळी वाजवली. ‘सांगत होतें कीं नाहीं! तीन गिअर! जेवणें, निजणें, रुसणें! आतां पाहा कसा दांता पडला!’ ती घरी पोचेपर्यंत बोलत होती. शेजारणीला तिने फाटकातूनच सांगितले. वडिलांच्या तसबिरीला हार घातला. आतोबा ओसरीवर बसून डाळे-चुरमुरे खात होते. आत्तेभाऊ जवळ गेला तेव्हा ते एवढेच म्हणाले, ‘तिरुच्चीच्या माणसाला सांग, पहिला गिअर घासतो. मी सांगितलें म्हणून सांग.’

तिरुच्चीच्या माणसाने जीप नेली. महिन्याभराने त्याचा आत्तेभावाला फोन आला की असला पोलादी गिअरबॉक्स त्याने जन्मात पाहिला नाही, आणि तुमच्या वडिलांचे कान एकदा डॉक्टरला दाखवा. आत्तेभावाने हे मला पुण्याला फोन करून सांगितले.

पुढच्या नवरात्रात मी गेलो तेव्हा गोठ्यात पांढरी गाडी होती, कव्हर घातलेली. शेजारी माहेरची जीप. आतोबांनी बाजारात जायला जीपच काढली आणि ती रडेल म्हणून मी तयार होऊन बसलो. ती रडली नाही. शांतपणे फाटकातून निघाली. टपरीवरच्या माणसांनी वर पाहिले नाही. मी आतोबांना विचारले, ‘पेटी उघडलीत?’

‘पेटी उघडायची नाहीं,’ ते म्हणाले. ‘नियम आहे.’

पुढे नारळ घ्यायला आत्या उतरली. जीप उन्हात उभी होती, आणि पायाखालच्या तापलेल्या पत्र्यातून एक वास येऊ लागला. गोड, जड, थोडा जळकट. मी आतोबांकडे पाहिले. ते समोर रस्त्याकडे पाहत होते.

‘पूवन?’ मी विचारले.

‘नेंद्रन,’ ते म्हणाले. ‘मोठें असतें. महिनाभर जातें.’ थोड्या वेळाने म्हणाले, ‘रस्त्यावरचे लोक मोठ्यानें बोलतात रे. कोणीतरी तिच्या तोंडावर बोलून जाईल.’

आत्या नारळ घेऊन आली, बसली, आणि बसल्या बसल्या कुंभकोणमच्या काकूंची हकीकत सांगू लागली. काका गेल्यापासून सून कशी वागते, पितळी भांडी कोणी नेली, समईचे काय झाले. पहिला गिअर पडला, दुसरा पडला. मी सवयीने आतोबांच्या हाताकडे पाहत होतो. तो वर झाला नाही. खालून गेला, दांडा सरकवून परत आला. आत्याचे वाक्य मध्ये कुठेही तुटले नाही. कालव्याच्या सरळ रस्त्याला लागल्यावर तिसरा पडला, आणि मग, आजोबांनी जो कधी टाकला नव्हता तो चौथा. समई धाकट्या जावेकडे निघाली होती. पिकल्या केळ्यांचा वास येत होता, आणि आत्या बोलत होती.